लाइव्ह कोडिंगने म्युझिक करायचंय? मग आधी हाताने ताल धरा

मला हल्ली बरेच जण विचारतात की ते कोड लिहून म्युझिक वाजवतात ते नक्की काय असतं, आम्हाला कोडिंग येत नाही मग जमेल का, किंवा उलटं, कोडिंग येतं पण संगीताचा गंध नाही मग जमेल का. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा माझा साडेतीन वर्षांचा अनुभव एकदाच लिहून टाकते. मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते, लहानपणी सांगलीला तबला शिकले, मध्यमापर्यंत परीक्षा दिल्या आणि मग बारावीच्या वर्षी सुटला तो सुटलाच. लाइव्ह कोडिंगमुळे तो परत हातात आला म्हणून हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

थोडक्यात सांगायचं तर यात आधी प्रोग्राम लिहायचा आणि मग रन करायचा असं नसतं. प्रोग्राम चालू असतो, आवाज येत असतो आणि त्याच वेळी तुम्ही तोच कोड बदलत असता, बदलला की पुढच्या फेरीत नवीन वाजायला लागतं. स्क्रीन लोकांना दिसेल अशी भिंतीवर लावतात. टॉपलॅप नावाचा यातल्या लोकांचा ग्रुप २००४ मध्ये हॅम्बुर्गला सुरू झाला, त्यांच्या जाहीरनाम्यातच आहे की तुमची स्क्रीन आम्हाला दाखवा. पुढे याच्यावर नाचायचे कार्यक्रम सुरू झाले, त्यांना अल्गोरेव्ह म्हणतात, शब्द २०११ च्या आसपासचा, इंग्लंडमधला. भारतातही अल्गोरेव्ह इंडिया नावाने मंडळी एकत्र येऊन हे करतात, तेव्हा आपल्याकडे कोणीच नाही असं समजू नका.

आता पहिली चूक जी मी केली आणि जी बहुतेक सगळे करतात, ती म्हणजे टूल्स गोळा करणं. सुपरकोलायडर, टायडल सायकल्स, सोनिक पाय, फॉक्सडॉट, चक, ऑर्का, सगळ्यांची नावं लिहून काढली आणि टायडलपासून सुरुवात केली कारण सगळ्यात भारी लोक तेच वापरतात असं वाचलं होतं. टायडल ॲलेक्स मॅकलीन यांनी बनवलंय आणि ते हास्केल या भाषेवर चालतं, आवाज मात्र सुपरकोलायडर काढतं, म्हणजे एकमेकांशी बोलणाऱ्या तीनचार गोष्टी नीट बसवाव्या लागतात, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर तीन शनिवार-रविवार त्यातच गेले आणि एकही ठोका वाजला नाही. तोपर्यंत निम्मा उत्साह संपला होता. तेव्हा सुरुवात स्ट्रूडेलने करा. हे टायडलचंच जावास्क्रिप्टमधलं रूप आहे, २०२२ पासूनचं, फेलिक्स रूस आणि मॅकलीन यांनी सुरू केलेलं, आणि ते ब्राउझरमध्ये चालतं, काहीही इन्स्टॉल करायचं नाही, पैसे नाहीत. पान उघडलं, ओळ लिहिली, कंट्रोल आणि एंटर दाबलं की वाजलं. कंट्रोल आणि टिंब दाबलं की बंद. हेडफोन मात्र वायरवाला घ्या, साधा चालेल.

पहिल्या दिवशी काय लिहायचं? बीडी म्हणजे बेस ड्रम, एसडी म्हणजे स्नेअर, एचएच म्हणजे हाय-हॅट, सीपी म्हणजे टाळी (टाइप अर्थात इंग्रजी अक्षरांत करायचं). "बीडी एचएच एसडी एचएच" असे चार शब्द अवतरणात लिहिले की ते एका सायकलमध्ये, म्हणजे एका फेरीत, सारखे वाटले जातात, आणि काहीच सांगितलं नसेल तर एक सायकल २ सेकंदांची असते, म्हणजे प्रत्येकाला अर्धा सेकंद. आता पाचवा शब्द लिहा. सायकल लांबत नाही! तेवढ्याच २ सेकंदांत पाच बसतात, सगळे थोडे थोडे जवळ सरकतात. ज्यांनी आधी इतर म्युझिक सॉफ्टवेअर वापरलंय त्यांना इथे हमखास गोंधळायला होतं कारण तिकडे मिनिटाला किती ठोके हे धरून बसायची सवय असते, आणि मला मात्र त्या क्षणी एकदम घरी आल्यासारखं वाटलं कारण हे तर आवर्तन आहे, तालाची एक पूर्ण फेरी. आवर्तन ठरलेलं, त्यात किती अक्षरं बसवायची ते आपण ठरवायचं. फास्ट २ लिहिलं की दुगुन, फास्ट ४ लिहिलं की चौगुन. चौकोनी कंसात दोन शब्द घातले की एका मात्रेत (तालाच्या एका ठोक्यात) दोन, चार घातले की एका मात्रेत चार, म्हणजे तिरकिट. टिल्ड (~) ही खूण म्हणजे आपला अवग्रह, तेवढी जागा मोकळी.

आणि हे नुसतं मला तसं वाटलं असं नाहीये. बर्नार्ड बेल आणि जेम्स किपेन यांनी १९८० च्या दशकात बोल प्रोसेसर नावाचा प्रोग्राम केला होता, तबल्याच्या कायद्यांसाठी (कायदा म्हणजे ठरावीक बोलांची रचना). किपेन लखनौला उस्ताद अफाक हुसेन खाँसाहेबांकडे तबला शिकत होते, त्यातून ते काम झालं, म्हणजे कॉम्प्युटरने कायद्याचे पलटे, म्हणजे त्याच बोलांच्या नवीन जुळण्या, तयार करायचे आणि जाणकार तबलियाने सांगायचं हा चालेल, हा नाही चालणार. टायडलमध्ये पॅटर्न लिहायची जी छोटी लिपी आहे, तिच्यात एकाच वेळी दोन वेगळ्या लांबीच्या ओळी चालवायची जी सोय आहे ती या बोल प्रोसेसरवरून सुचलेली आहे. हे मला कळलं तेव्हा मी रात्री साडेअकराला आईला फोन करून सांगितलं. लखनौच्या एका बैठकीतलं तबल्याचं काहीतरी फिरून फिरून शेफील्ड-लंडनच्या डान्स फ्लोअरवर पोचलं आणि तिथून माझ्या कोथरूडच्या खोलीत आलं, याचं मला अजूनही फार अप्रूप आहे.

म्हणून ज्यांना थोडाफार ताल येतो त्यांनी बीडी-एसडी दोन दिवस करून लगेच तीनतालावर यावं असं माझं मत आहे. १६ मात्रा एका सायकलमध्ये लिहा, पण मग २ सेकंदांत १६ मात्रा म्हणजे मशीनगन होते, वेग कमी करायला हवा. मिनिटाला १२० मात्रा धरल्या तर १६ मात्रांचं आवर्तन ८ सेकंदांचं, म्हणजे मिनिटाला साडेसात सायकल. सेट-सीपीएममध्ये (मिनिटाला किती सायकल ते इथे सांगायचं) १२० भागिले १६ असंच लिहा, उत्तर काढत बसू नका, तसं लिहिलेलं डोळ्याला कळतं पण.

आता माझी सगळ्यात शिकवून गेलेली गोष्ट. मी तिहाई (एकच तुकडा तीनदा म्हणायचा) लिहिली, "तिट कत गदि गन धा", पाच मात्रा, मग एक मात्रा मोकळी, असं तीनदा. सगळ्या तबला शिकलेल्यांना पाठ असतं, ५ अधिक १ अधिक ५ अधिक १ अधिक ५, एकूण १७, म्हणजे समेपासून (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपासून) उचलली की शेवटचा धा बरोबर पुढच्या समेवर. मी तीन आवर्तनं ठेका (तालाचे नेहमीचे बोल) ठेवला आणि चौथ्या आवर्तनात ही सगळी १७ ची ओळ टाकली. वाजलं. एरर नाही, काही नाही. मला मस्त वाटलं, मी रेकॉर्ड करून ठेवलं आणि दिवाळीत सांगलीला गेले तेव्हा आमच्या सरांना लॅपटॉपवरच ऐकवलं. सर आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांनी डोळे मिटून हाताने ताल धरला, चौथ्या आवर्तनाला भुवया वर गेल्या आणि म्हणाले, "अगं, सम कुठेय? दोन धा आले मला." मी म्हटलं, "सर, मशीन आहे, चुकणार कसं?" तर म्हणाले, "मशीन नाही गं चुकलं. तू हाताने ताल धरून म्हटलं होतंस का लिहायच्या आधी?"

नव्हतं म्हटलं. झालं असं होतं की १७ गोष्टी एका सायकलमध्ये घातल्यामुळे सगळ्या १६ च्या जागी १७ म्हणून दाटीवाटीने बसल्या, प्रत्येक मात्रा किंचित लहान झाली, आणि शेवटचा धा समेच्या जवळजवळ एक मात्रा आधीच पडला, आणि लगेच समेवर ठेक्याचा स्वतःचा धा. तिहाईचा शेवटचा धा पुढच्या आवर्तनाचा असतो! चौथ्या सायकलमध्ये फक्त १६ च लिहायच्या, "गन"वर थांबायचं, आणि तीनतालाचा ठेका धा नेच सुरू होतो म्हणून सम आपोआप मिळते. त्या दिवसापासून माझा नियम आहे की जे लिहायचंय ते आधी हाताने ताल देऊन तोंडाने म्हणायचं, मगच कीबोर्डला हात लावायचा. तबला न शिकलेल्यांनीही करा हे, टाळी वाजवून एक-दोन-तीन-चार म्हणा, बोल यायलाच पाहिजेत असं नाही. कॉम्प्युटर तुम्ही लिहिलेलं वाजवतो, तुमच्या मनातलं नाही, आणि मनात नीट नसेल तर तुम्हाला चूक ऐकूसुद्धा येत नाही हे मी स्वतः अनुभवलंय.

कंसात दोन आकडे लिहायची एक सोय आहे, बीडी(३,८) असं, म्हणजे आठ जागांत तीन ठोके जितके सारखे पसरतील तितके पसरवायचे, येतं ३+३+२. (३,७) केलं तर २+२+३ येतं, आणि तिसरा आकडा देऊन ते फिरवता येतं, फिरवत फिरवत ३+२+२ वर आणलं की रूपक या सात मात्रांच्या तालाचे विभाग तयार. एक अख्खी संध्याकाळ यात घालवा, आकडे बदलत राहा आणि प्रत्येकाला टाळी द्या. कोडिंगच्या फंक्शन्सची यादी पाठ करण्यापेक्षा याने जास्त कळतं.

सोनिक पाय कधी? माझ्या मते लहान मुलांना शिकवायचं असेल किंवा तुम्हाला प्रोग्रामिंगसुद्धा शिकायचं असेल तेव्हा. सॅम आरन यांनी केंब्रिज विद्यापीठात शाळांसाठीच ते बनवलं, रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर चालावं म्हणून, आणि त्यातच शिकवणी दिलेली आहे. तिथे विचार वेगळा असतो, हा सूर वाजव, मग अर्धा ठोका थांब, मग पुढचा. लूपमध्ये स्लीप लिहायला विसरलात तर तो लूप झोपलाच नाही अशी तक्रार करून बंद पडतो, हे पहिल्या आठवड्यात चारपाच वेळा होतंच.

स्वतःचे आवाज घालायची घाई करा, हे मी मुद्दाम सांगतेय. मी माझ्या जुन्या दायाँचे (उजव्या हाताच्या तबल्याचे) ना, तिं, ते असे एकेक बोल मोबाईलवर रेकॉर्ड केले, ऑडॅसिटीत कापले आणि स्ट्रूडेलच्या साउंड्सच्या टॅबमधून आत घेतले. कापताना सुरुवातीची शांतता पूर्ण काढा नाहीतर प्रत्येक ठोका मागे पडतो आणि तुम्ही कोडमध्ये चूक शोधत बसता. बायाँची (डग्ग्याची) मींड, म्हणजे घसरता सूर, मात्र एकेका सॅम्पलने (कापलेल्या आवाजाने) येत नाही, ती हाताचीच गोष्ट आहे, तो नाद मी सोडून दिला. कुकरची शिट्टी, लोखंडी गेट, पाटा-वरवंटा, काहीही चालतं.

मग लोकांसमोर. हे लवकर करा, सहा महिन्यांत करा. माझी पहिली वेळ एका मैत्रिणीच्या स्टुडिओत, पंधराएक माणसं. मी नवीन आवाजाची ओळ लिहिली, रन केली, आणि शांतता. स्ट्रूडेल आवाज पहिल्यांदा वापरला की नेटवरून आणतं, आणि तिथलं नेट रडत होतं. तेव्हापासून कार्यक्रमाआधी त्याच जागी, त्याच लॅपटॉपवर लागणारा प्रत्येक आवाज एकदा वाजवून घेते, मोबाईलचा हॉटस्पॉटही तयार ठेवते. एक दिलासा आहे, कोडमध्ये चूक झाली तर आधीचं वाजत असलेलं तसंच चालू राहतं, म्हणजे कंस राहिला तर लोकांना कळतही नाही, तुम्ही शांतपणे दुरुस्त करायचं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, ती दोनचार आवर्तनं ऐका, मग पुढची. मी सुरुवातीला दर पाच सेकंदाला काहीतरी बदलायचे कारण रिकामं बसायची भीती वाटायची, ऐकणाऱ्याला मात्र एखादी गोष्ट कानात बसायलाच वेळ मिळत नव्हता.

रियाजासाठी मेक्सिको सिटीच्या लोकांची पद्धत मला फार आवडते. कोरी स्क्रीन, नऊ मिनिटं, शून्यापासून लिहायचं, वेळ संपली की थांबायचं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, कसंही झालेलं असो. मी रोज ऑफिसहून आल्यावर जेवणाआधी हे करते, मोबाईलवर टायमर लावून. सेव्ह करत नाही. आठवड्यातून एखाद्या वेळी असं काही सापडतं की ते डोक्यातून जातच नाही, तेवढं दुसऱ्या दिवशी आठवून परत लिहिते.

आता करिअरचं, कारण ते सगळे विचारतातच. फक्त लाइव्ह कोडिंगचे कार्यक्रम करून माझं भाडं निघत नाही, नोकरी चालू आहे आणि ती मी सोडणार नाहीये. पण शाळांमध्ये सोनिक पायच्या वर्कशॉप घेते, त्याचे पैसे मिळतात, आणि मागच्या वर्षी एका एकांकिकेचं साउंड केलं ज्यात पाऊस मी स्टेजच्या कडेला बसून लाइव्ह वाढवत-कमी करत होते, नट थांबला की पाऊसही थांबायचा, हे रेकॉर्डेड ट्रॅकने झालंच नसतं. ब्राउझरमध्ये आवाज कसा तयार होतो हे स्ट्रूडेलच्या मागच्या वेब ऑडिओबद्दल (ब्राउझरची आवाजाची यंत्रणा) वाचून कळलं तर ते गेम्स आणि वेबसाइटच्या साउंडच्या कामाला उपयोगी पडतं. इंजिनीअरिंगला असाल तर फायनल इयर प्रोजेक्टला हा विषय घ्या, आपल्या तालांवर यात करण्यासारखं अजून खूप पडलंय. चक्रदार (तिहाई असलेला अख्खा तुकडा तीनदा) नीट लिहिणारं सोपं फंक्शन मला स्वतःलाच हवंय, मी थोडं लिहिलंय, झपतालात अजून अडकतं.

आज रात्री सुरू करायचं असेल तर स्ट्रूडेल उघडा, मोबाईल लांब ठेवा, आधी हाताने चारचा ताल द्या, "बीडी एचएच एसडी एचएच" लिहा, आणि वाजत असताना दुसरा एचएच पुसून तिथे टिल्ड टाका. ती रिकामी जागा ऐका थोडा वेळ.