मेक्सिकन खायला जाताय? मग हे बघून जा
शनिवारी रात्री बांद्रा किंवा लोअर परळला जाणार असाल तर आधी फोन करून टेबल सांगून ठेवा, नाहीतर दारातच ताटकळत बसाल. नाचोज मागवताना चीज नि साल्सा (टोमॅटोची तिखट चटणी) वेगळं द्यायला सांगा, वरून ओतलं की खालच्या चिप्सचा पार लगदा होतो आणि मग काट्याने खरवडत बसायचं. टाको आला की गप्पा बाजूला, लगेच खा, त्याची मक्याची टॉर्टिया (पातळ पोळी) गार झाली की तुटते. मार्गारिटा (टकीलाचं कॉकटेल) मागवताना टकीला १००% अगावेची, म्हणजे फक्त अगावे या वनस्पतीपासून केलेली आहे का विचारा, आणि हो महाराष्ट्रात हार्ड ड्रिंकला वय २५ लागतं, आयडी ठेवा. सर्व्हिस बकवास असेल तर बिलातला सर्व्हिस चार्ज काढायला सांगा, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या गाइडलाइन्सप्रमाणे तो ऐच्छिक आहे, लाजायचं काय त्यात!