गरम पाणी गेलं? पुण्याहून इंग्लंडला नव्याने आलेल्यांसाठी

भाड्याच्या घरात शिरलात की स्वयंपाकघराच्या भिंतीवर, बहुतेक वेळा एखाद्या कपाटात, पांढरा पत्र्याचा डबा दिसेल. तो कॉम्बी बॉयलर, म्हणजे नळाचं पाणी आणि घर गरम ठेवणारे खोल्यांतले रेडिएटर (हीटिंग) दोन्ही तापवणारं गॅसचं यंत्र. नवीन आलेले पुणेकर त्याला गीझर म्हणतात, गीझरसारखाच वापरतात आणि पहिली कडक थंडी पडली की व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारतात, "गरम पाणी गेलंय, कोणी ओळखीचा प्लंबर आहे का?" दर हिवाळ्यात हाच मेसेज, फक्त नंबर नवा.

सगळ्यात आधी, बटण बंद करू नका. अंघोळ झाली की गीझर बंद, हे आपल्या हाडात मुरलंय आणि पुण्यात ते बरोबरच आहे. इथे बॉयलरशेजारी भिंतीवर जो स्विच असतो (त्यात ३ अँपिअरचा फ्यूज असतो), तो वर्षभर चालू ठेवायचा. नळ बंद असताना बॉयलर पाणी तापवत बसत नाही, त्याला टाकीच नाही. काही मॉडेलांत नळाला लगेच गरम पाणी यावं म्हणून थोडं पाणी आधीच तापवून ठेवायची सोय असते. ती नको असेल तर 'इको' निवडा, मग गरम पाणी यायला थोडा वेळ लागेल इतकंच. स्विच बंद केलात तर हीटिंगचा टायमर बंद पडतो. शिवाय आतलं पाणी गोठू लागलं की बॉयलर स्वतःहून थोडा वेळ पेटतो, ती सोयही जाते. नाताळच्या सुट्टीत पुण्याला जाताना घर 'सगळं बंद करून' निघणारे परत येतात ते फुटलेल्या पाइपाकडे. जाताना स्विच आणि गॅस चालू ठेवा, थर्मोस्टॅट १२ अंशांवर ठेवा आणि निघा.

आता हे यंत्र चालतं कसं. पुण्यात ज्यांच्याकडे पाइप गॅसवरचा इन्स्टंट गीझर आहे त्यांना पटकन कळेल. गरम नळ उघडला की आतल्या सेन्सरला पाणी वाहताना जाणवतं, बर्नर पेटतो, आणि रेडिएटरकडे जाणारं गरम पाणी आतल्या एका झडपेने वळवून छोट्या प्लेट हीट एक्स्चेंजरमधून फिरवलं जातं. नळाचं पाणी तिथे तापतं. तेवढा वेळ रेडिएटरना उष्णता मिळत नाही, तो बिघाड नव्हे.

२४ किलोवॅटचा बॉयलर पाण्याचं तापमान ३५ अंशांनी वाढवून मिनिटाला साधारण १० लिटर देतो, ३० किलोवॅटचा १२ लिटर. जानेवारीत मेनचं, म्हणजे बाहेरच्या मुख्य वाहिनीतून येणारं, पाणी ५-६ अंशांचं असू शकतं. नळ पूर्ण सोडलात तर कोमट येणारच, आणि कोणी शॉवर घेत असताना दुसऱ्याने भांड्यांचा नळ सोडला तर दोघांनाही कोमट. नळ जरा कमी करा. पण फार कमीही नको. आपण पाणी वाचवायला धार अगदी बारीक ठेवतो, आणि मिनिटाला दोन-अडीच लिटरच्या खाली गेलं की बर्नर पेटतच नाही. मग गार, गरम, गार असा खेळ चालतो आणि दोष बॉयलरला. मापाचा जग आणि फोनचा टायमर घेऊन एकदा धार मोजा.

गरम पाणी अजिबात येत नसेल तर पहिल्यांदा गॅसची शेगडी पेटवून बघा. पेटत नसेल तर गॅसच नाही. आगाऊ पैसे भरायचा मीटर असलेल्या घरात बॅलन्स संपलेला असतो, आणि उन्हाळ्यात गॅस न वापरताही रोजचा स्थिर आकार कापला जातो. पैसे भरल्यावर बऱ्याच मीटरांवर एक बटण दाबूनच पुरवठा सुरू होतो. शेगडी विजेची असेल तर थेट मीटर बघा.

मग प्रेशर, म्हणजे बॉयलर आणि रेडिएटरमध्ये फिरणाऱ्या पाण्याचा दाब. बॉयलरच्या पुढे किंवा खाली काटा असतो, नाहीतर पडद्यावर आकडा. यंत्रणा गार असताना १ ते १.५ बार हवं, हीटिंग चालू असताना २ च्या आसपास चालतं. फार खाली गेलं की बॉयलर पेटायला नकार देतो. मग पडद्यावर बिघाडाचा कोड येतो: व्हायलंट कंपनीच्या बॉयलरवर एफ२२, आयडियलच्या एफ१, बॅक्सीच्या ई११९ दिसेल. रेडिएटरमधली हवा काढली की प्रेशर उतरतं, हे विसरू नका.

प्रेशर वाढवायला बॉयलरच्या खाली विणलेल्या तारेचा चंदेरी पाइप असतो, त्याच्या टोकांना छोटे कॉक. त्याला फिलिंग लूप म्हणतात. काही मॉडेलांना त्याऐवजी प्लॅस्टिकची चावी किंवा दांडी असते. बॉयलर तेवढ्यापुरता बंद करून गार होऊ द्या, आधी एक कॉक पूर्ण उघडा, मग दुसरा अगदी हळू, डोळा काट्यावर. १.५ ला दोन्ही बंद. पाण्याचा सळसळाट थांबला का ते कान देऊन ऐका. पाच मिनिटांनी काटा पुन्हा बघा.

पुन्हा लिहितो: दोन्ही कॉक बंद. नवीन लोकांच्या चुकांत ही सगळ्यात महाग पडते. कॉक अर्धवट उघडा राहिला की मेनचं पाणी आत येत राहतं, काटा ३ वर जातो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून भिंतीबाहेरच्या तांब्याच्या नळीतून पाणी टाकू लागतो. एकदा उघडलेला हा व्हॉल्व्ह बऱ्याचदा पुन्हा नीट बसत नाही. मग थेंब थेंब गळतो, प्रेशर उतरतं, तुम्ही परत भरता, पुन्हा गळतं. दर वेळी आत जाणाऱ्या ताज्या पाण्यातला ऑक्सिजन रेडिएटर आतून गंजवतो, आणि तो काळा गाळ प्लेटमध्ये जाऊन बसतो. घर भाड्याने देणारा एजंट विचारतो, "लूप कोणी उघडा ठेवला?" आणि बिल तुमच्याकडे येतं. भरायला गेलात तर फोन बाजूला ठेवा, दार कोणी वाजवलं तर वाजू द्या. आणि वर्षातून एक-दोनदा भरावं लागलं तर ठीक, दर आठवड्याला लागत असेल तर भरणं थांबवा आणि कळवा. गार असताना १ आणि तापल्यावर ३ कडे धावणारा काटा बहुधा एक्स्पान्शन व्हेसलची (तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणाऱ्या आतल्या डब्याची) हवा गेल्याचं सांगतो. ते काम तुमचं नाही.

बर्फ पडलाय, बॉयलरमधून गुडगुड आवाज येतोय आणि तो पेटून बंद पडतोय? बाहेर जाणारी कंडेन्सेटची (बॉयलरच्या धुरातली वाफ थंडावून साचणाऱ्या पाण्याची) प्लॅस्टिकची नळी गोठली. जुन्या घरांत ती २१.५ मिलिमीटरची बारीक असते आणि वळणावर किंवा टोकाला गोठते. गरम पाणी ओता, उकळतं नाही, कारण नळी तडकते. मग बॉयलरचं रीसेट बटण दाबा. खाली सांडलेल्या पाण्याचा पुन्हा बर्फ होतो, त्यावर मीठ टाका.

बाकीची लक्षणं ओळखता आली की पुरे, हात घालू नका. फक्त शॉवर कोमट आणि स्वयंपाकघरात कडकडीत पाणी असेल तर दोष शॉवरच्या कार्ट्रिजचा, म्हणजे गरम-गार पाणी मिसळणाऱ्या आतल्या भागाचा. दोरी ओढून चालू होणारा शॉवर विजेचा असतो, त्याचा बॉयलरशी संबंधच नाही. हीटिंग चालू असेल तरच नळाला गरम पाणी, किंवा उन्हाळ्यात नळ सोडला की रेडिएटर तापतात: आतली वळवणारी झडप अडकली. पाणी गरम-गार होत राहतं आणि धारही मंदावलीय: प्लेटमध्ये क्षार. लंडन आणि आग्नेय इंग्लंडात पाणी जड आहे, तिथे हे फार. मँचेस्टर-ग्लासगोकडे कमी.

आता आपल्या लोकांबद्दल. एजंटला मेल करायला आपण घाबरतो, 'उगाच कशाला, घर खाली करायला सांगतील' म्हणून, आणि ग्रुपवरून कोणाच्या ओळखीचा स्वस्त माणूस आणतो. इंग्लंडमध्ये १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या (लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्ट) ११ व्या कलमानुसार हीटिंग आणि गरम पाण्याची यंत्रणा चालू ठेवणं घरमालकाचं काम आहे. तुम्ही कोणावर उपकार मागत नाही. बॉयलरचं आवरण उघडून गॅसचं काम करणारा माणूस गॅस सेफ रजिस्टरवरचाच, म्हणजे गॅसचं काम करायला परवानगी असलेल्यांच्या अधिकृत यादीतलाच हवा. त्याचं कार्ड मागा आणि उलटून पाहा, कोणत्या उपकरणांचं काम त्याला येतं ते मागे लिहिलेलं असतं. इंग्रज माणसाला याचा राग येत नाही, आपल्यालाच संकोच वाटतो.

दरवर्षीच्या गॅस तपासणीचा कागद घर ताब्यात घेण्याआधी मिळायला हवा. ज्या खोलीत बॉयलर आहे तिथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, हा इंग्लंडात १ ऑक्टोबर २०२२ पासून घरमालकावर बंधनकारक आहे. नसेल तर आजच मागा. बाथरूममधल्या गॅस गीझरने गुदमरल्याच्या बातम्या पुण्यात वाचलेल्यांना याचं कारण सांगायला नको. गॅसचा वास आला किंवा अलार्म वाजला तर खिडक्या उघडा, जमलं तर मीटरजवळचा गॅस बंद करा, बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ ला फोन लावा. दिव्याच्या बटणाला हात लावू नका.

एजंटला फोनपेक्षा मेल बरी, तारीख राहते. त्यात बॉयलरचं मॉडेल, पडद्यावरचा कोड, गार असतानाचं प्रेशर, शेगडी पेटते की नाही आणि गरम पाणी कधीपासून नाही एवढं लिहा, काट्याचा फोटो जोडा. घरात लहान बाळ किंवा पुण्याहून आलेले आईबाबा असतील तर तेही पहिल्याच ओळीत लिहा, असं घर बऱ्याचदा रांगेत पुढे घेतात.