एमजीबीचा गंज: आधी टेकू, मग कटर

माझी उघड्या टपाची १९७० ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. दाराखाली रंग थोडा फुगलेला दिसला म्हणून स्क्रूड्रायव्हर टोचला, तर तो मुठीपर्यंत आत गेला आणि चहापत्तीसारखा भुगा खाली सांडला. या गाडीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नसते, बराचसा भार दाराखालच्या या पेटीसारख्या पट्ट्यांवरच. पहिली बाजू मी तशीच कापली. बॉडी खचली, दार लागेना! दुसऱ्या वेळी शहाणा झालो: आधी दाराच्या चौकटीत लोखंडी पाइप आडवा वेल्ड केला. चकचकीत धातू लागेपर्यंत पत्रा कापला आणि नवा टाके मारत जोडला. सलग वेल्डिंग केलं की तो वाकतो. शेवटी पोकळीत मेण फवारलं, पाणी निघायची भोकं सोडून. गंज झाकायची पुट्टी आधीच्या मालकाने किलोंनी भरली होती.