'मोरूची मावशी'ची सुटलेली प्रत मी अशी बांधली

ठाणे स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडे अत्र्यांच्या 'मोरूची मावशी'ची जुनी प्रत मिळाली. (मूळ इंग्रजी 'चार्लीज आंट' 1892 चं, बाईच्या वेशातला पुरुष अजून हशा वसूल करतो!) पिना गंजलेल्या, पानं सुटलेली. एका प्रवेशाशी कुणीतरी पेन्सिलने 'टाळ्यांसाठी थांब' लिहिलंय. त्याला खोडरबर लावलं नाही.

पिनांचे पाय सुरीच्या टोकाने सरळ करून त्या अलगद काढल्या. ओढल्या तर कागदही फाटून येतो. मग त्याच भोकांतून सुती दोरा ओवला. कण्याला मैद्याची खळ, कसर लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट). विषारीच तो, हात धुवायचे. पांढरा गम नकोच, पुन्हा उसवता येत नाही. पावसाळी कुबट वासासाठी खायच्या सोड्याची वाटी ठेवून प्रत डब्यात बंद केली. वास बराच गेला.