मॉरोविंड सुरू करताय? आधी हिरवी पट्टी बघायला शिका

मोकळ्या जगाचा फँटसी आरपीजी (आपलं पात्र घडवत खेळायचा कॉम्प्युटर गेम) कुठला खेळू असं कोणी विचारलं की मी आजही २००२ चा मॉरोविंडच सांगतो, पण बरेच जण पहिल्या तासातच सोडून देतात कारण किनाऱ्यावरच्या साध्या खेकड्याला समोर उभं राहून वार केले तरी लागत नाहीत. बग नाहीये तो, आत फासे पडत असतात, म्हणजे वार लागतो की नाही ते चान्सवर ठरतं.

कोकणात पावसाळ्यात खेळायला हा गेम बेस्ट, एकदा इन्स्टॉल झाला की नेट लागत नाही आणि मूळ गेम साधारण १ जीबीचाच, त्यामुळे रेंज असेल त्या दिवशी उतरवून ठेवा. मूळ गेम विकत घ्या आणि त्याच्या फाईली ओपनएमडब्ल्यू या फुकट इंजिनवर चालवा, आताच्या लॅपटॉपवर नीट चालतो. लाईटचा भरवसा नाही म्हणून एफ ५ दाबून सेव्ह करत राहा, सवयच लावा.

आता कॅरेक्टर. पहिल्यांदा रेडगार्ड ही जमात घ्या, स्पेशलायझेशन कॉम्बॅट (लढाई), मेजर स्किलमध्ये (मुख्य कौशल्यांत) लाँग ब्लेड म्हणजे लांब तलवार, म्हणजे स्किल सुरुवातीलाच ५० होतं. मग हातात लांब तलवारच धरा, सुरुवातीला मिळालेला खंजीर नको, त्याचं स्किल वेगळं. आणि ती हिरवी पट्टी म्हणजे दम. पट्टी भरलेली असेल तर वार लागण्याचा चान्स १.२५ ने गुणतात, रिकामी असेल तर ०.७५ ने. स्किलमध्ये चपळाई आणि नशिबाचा थोडा वाटाही मिळवतात, म्हणून या कॅरेक्टरला, समोरचा वार चुकवतो ते न धरता, १०० पैकी ७७ वार लागतील, दम संपला की ४६. पळालं की दम जातो, म्हणून भांडणाच्या आधी चालत जा किंवा थोडं थांबा. एवढं केलंत तरी अर्धा वैताग संपतो.

कुठे जायचं ते दाखवणारा बाण नकाशावर नसतो. लोक तोंडी रस्ता सांगतात, आपल्याकडे नवख्याला सांगतात ना, साकव ओलांडा, फणसाकडून उजवीकडे वळा, अगदी तसंच. आर्कन्गथांड या जुन्या पडक्या वास्तूकडे जाताना जुना पूल ओलांडायचा, मग दार उघडतच नाही कारण बाहेरच्या पाईपवरचा दांडा फिरवावा लागतो, आणि आत जी पेटी शोधायची ती शेल्फवर ठेवलेली एवढीशी वस्तू आहे. ती स्वतः सापडली की जो आनंद होतो तो मला बाणवाल्या गेममध्ये कधीच मिळाला नाही. महत्त्वाचा माणूस मारलात तरी गेम अडवत नाही, फक्त सांगतो की भविष्यवाणीचा धागा तुटला, पुढे तुमचं तुम्ही बघा.

दोष आहेतच आणि ते लपवण्यात अर्थ नाही. चालणं फार हळू. माणसं दिवसरात्र एकाच जागी उभी, दहा जणांकडे तेच उत्तर. जर्नलमध्ये सगळ्या नोंदी एकाखाली एक, म्हणून मी वही घेऊन बसतो. क्लिफ रेसर हे उडणारे प्राणी तर डोकं उठवतात. अल्केमीत, म्हणजे औषधं बनवण्यात, बुद्धी वाढवणारी औषधं पिऊन आणखी तगडी औषधं करत गेलात की गेमचा तोलच जातो, पहिल्या वेळी तो मोह टाळा.

गेम सुरू होतो त्या सेडा नीन गावाहून सिल्ट स्ट्रायडरने (प्रवासी नेणारा अवाढव्य किडा) बालमोरा शहराला जा. तिथे ज्याला भेटायला तुम्हाला पाठवलेलं असतं तो कायस कोसाडेस २०० ड्रेक (तिथलं चलन) देतो आणि आधी अनुभव घेऊन ये म्हणतो, ते खरंच ऐका. त्या पैशातून ट्रेनिंग घ्या आणि तिथल्याच फायटर्स गिल्डमध्ये (लढवय्यांच्या संघात) नाव घाला, पहिलं काम एका बाईच्या घरातले उंदीर मारायचं आहे.