तळ्याभोवती एकट्याने धावताना हवामान बिघडले, तर या चुका टाळा

तळ्याला वळसा घालणाऱ्या पायवाटेवर सर्वांत महागात पडते ती परत फिरण्याची चालढकल. या वाटेला मधला रस्ता नसतो. दहा किलोमीटरच्या फेरीत पाचवा किलोमीटर ओलांडला, की मागे फिरणे हेच लांबचे ठरते. त्यामुळे ‘अजून थोडे पाहू’ ही सवलत स्वतःला फार तर तिसऱ्या किलोमीटरपर्यंत द्यावी.

दुसरी चूक दिशेची. उघड्या पाण्यावर वाऱ्याला अडवणारे काहीच नसते, तरीही सुरुवात सोपी जावी म्हणून बहुतेक जण वारा पाठीशी घेऊन निघतात आणि पलीकडच्या काठावर, दमलेले व भिजलेले असताना, तोच वारा छातीवर घेतात. मीही एकदा तेच केले. जॅकेटची चेन ओढायला गेलो, तर चिमटीत तिचे टोकच धरवेना. बोटे दिसत होती, पण आपली वाटत नव्हती. तापमान शून्याच्या आसपास असावे लागते असे नाही; भिजलेल्या अंगावर वारा लागत असेल, तर १० अंश सेल्सिअसलाही शरीराचे तापमान ३५ अंशांखाली उतरू शकते. सुती बनियन पाणी धरून ठेवते, म्हणून ते नकोच. पाय मुरगळून चालावे लागले, तर धावण्याने येणारी ऊबही थांबते. यासाठी जॅकेट कुडकुडू लागण्याआधीच चढवावे.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ लागला, तर ती १० किलोमीटरच्या आत आहे. काठ आणि एकटे झाड दोन्ही सोडून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जावे व शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये.

ओली मुळे आणि लाकडी फळ्या यांवर पाय न देता त्या ओलांडाव्यात. मोबाइलच्या ओल्या पडद्यावर बोट धड चालत नाही आणि थंडीत बॅटरीही झपाट्याने उतरते, म्हणून मदतीची हाक देण्यासाठी शिट्टी जवळ हवीच: मिनिटाला सहा फुंका, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. कोणत्या दिशेने निघालो आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे घरी कोणाला तरी सांगून ठेवावे.

तळ्याला मिळणारा ओढा गढूळ होऊन गुडघ्यापर्यंत चढला असेल, तर गाडी समोरच्या काठावर दिसत असली तरी तो ओलांडू नये. आठ किलोमीटर मागे जावे लागले तरी चालेल.