चेनसॉच्या इंजिनाचे पोर्टिंग : नव्याने शिकणाऱ्यासाठी काही अनुभव

मी मूळचा मोटारसायकलचा मेकॅनिक. आयटीआयमधून बाहेर पडल्यावर पहिली काही वर्षे मी मुख्यतः यामाहा आरएक्स 100 ची टू-स्ट्रोक इंजिने उघडून बांधण्यात घालवली. ही गाडी 1996 मध्येच बंद झाली, तरी तिचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर, ‘घासून’ घेणाऱ्यांची कमतरता आमच्याकडे कधीच नव्हती. वायू आत-बाहेर जाण्याची सिलिंडरमधली भोके, म्हणजे पोर्ट, घासून ताकद वाढवायची, यालाच पोर्टिंग म्हणतात. चेनसॉकडे, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनावर चालणाऱ्या लाकूड कापायच्या करवतीकडे, मी वळलो तो मे 2021 च्या तौक्ते वादळानंतर. सिंधुदुर्गात आंबा, फणस आणि काजूची झाडे आडवी झाली, गावोगावी कटर फिरू लागले आणि पंधरा दिवसांत माझ्या दाराशी पिस्टन जाम झालेल्या चेनसॉंची रांग लागली. कुणी ऑइल न घालताच पेट्रोल भरले होते, तर कुणी बोथट चेनने दिवसभर लाकूड रेटले होते. ती यंत्रे दुरुस्त करता करता एका लाकूडतोड्याने विचारले, “आरएक्सचा ब्लॉक घासता, तसा याचा घासून द्याल का?” मी लगेच होकार दिला, आणि त्या होकाराची किंमत पुढे वर्षभर मोजली.

मोटारसायकलवर शिकलेले गणित चेनसॉला जसेच्या तसे लागू पडत नाही, ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर माझे तीन ब्लॉक वाचले असते. म्हणून नवशिक्याला मी सर्वप्रथम तेच समजावतो. आरएक्सचा सायलेन्सर ही केवळ आवाज दाबणारी नळी नाही. तिच्या आतल्या फुगीर आणि निमुळत्या भागांमुळे दाबाची लाट परत फिरते आणि एक्झॉस्टमधून निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. पूर्व जर्मनीतील एमझेड कंपनीच्या वाल्टर काडेन यांनी 1950 च्या दशकात हे तंत्र शर्यतीच्या गाड्यांत विकसित केले, आणि 1961 मध्ये त्यांचा स्वार एर्न्स्ट डेगनर ते सोबत घेऊन पळून सुझुकीला मिळाला. चेनसॉवर मात्र अशा नळीला जागाच नसते. तिथे सिलिंडरला चिकटलेला एक पत्र्याचा डबा असतो आणि परत येणारी उपयोगी लाट नसल्यातच जमा असते. त्यामुळे एक्झॉस्ट पोर्ट लवकर उघडला, की जे मिश्रण बाहेर गेले ते गेलेच.

मी पहिल्या चेनसॉच्या एक्झॉस्ट पोर्टची वरची कड सुमारे 2 मिमी वर नेली. मोकळे सोडले की ते यंत्र असे किंचाळे की ऐकणारा खूश होई. पण अकेशियाच्या जाड ओंडक्यात घातले की त्याचा दम जाई, कारण दाबायला सिलिंडरमध्ये पुरेसा माल उरतच नव्हता. मोकळ्या हवेतल्या फेऱ्यांवरून चेनसॉची पारख करू नये, हे मला तेव्हा कळले. चेनसॉची खरी कसोटी लाकडात, भाराखाली लागते.

येथे आकडे डोक्यात पक्के असावे लागतात. बहुतेक मध्यम चेनसॉंत एक्झॉस्ट पोर्ट टीडीसीनंतर (पिस्टन सर्वांत वर असतो त्या बिंदूनंतर) क्रँक साधारण 100 ते 105 अंश फिरल्यावर उघडतो आणि क्रँककेसमधले ताजे मिश्रण वर आणणारा ट्रान्सफर पोर्ट 120 ते 125 अंशांवर. या दोहोंमधल्या अंतराला ब्लोडाउन म्हणतात. जळलेल्या वायूचा दाब याच काळात उतरतो, म्हणजे मग ट्रान्सफरमधून येणाऱ्या ताज्या मिश्रणाला वाट मोकळी होते. इंजिन मिनिटाला 12,000 फेरे घेत असेल तर 20 अंशांचा ब्लोडाउन सेकंदाच्या साडेतीन हजाराव्या भागापेक्षाही थोडा लहान असतो. 34 मिमी स्ट्रोकच्या (पिस्टनच्या वरपासून खालपर्यंतच्या प्रवासाच्या) इंजिनात एक्झॉस्ट उघडण्याच्या सुमारास एक अंश म्हणजे पिस्टनचा जेमतेम पाव मिलिमीटरचा प्रवास. याचा अर्थ असा, की हात घसरून अर्धा मिलिमीटर जास्त घासले गेले तर वेळ दोन अंशांनी बदलते, आणि काढलेला धातू परत बसवता येत नाही. आरएक्सच्या स्ट्रोकची लांबी 50 मिमी असल्याने तिथे अशी चूक थोडीफार खपून जात असे.

म्हणून यंत्र उघडण्यापूर्वी मोजमापाची सवय लावून घ्यावी. क्रँकच्या टोकाला डिग्रीची चकती बसवून, पिस्टन-स्टॉपने (पिस्टनला एका जागी अडवणाऱ्या खुंटीने) टीडीसी नेमका काढून, तिन्ही पोर्ट कधी उघडतात व कधी बंद होतात ते वहीत लिहून ठेवावे. टीडीसी नुसत्या डोळ्यांनी ठरवू नये, कारण त्या जागी पिस्टन कित्येक अंश जवळजवळ स्थिर असतो. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलाला मी पहिले दोन महिने ग्राइंडरला हात लावू देत नाही. तो फक्त भंगारात आलेले ब्लॉक मोजतो आणि कंटाळतो. कंटाळून जे सोडून जातात, त्यांना मी अडवत नाही.

पहिले खरे काम सायलेन्सरचे. कारखान्यातून आलेल्या डब्याचे भोक बऱ्याचदा एक्झॉस्ट पोर्टच्या क्षेत्रफळाच्या मानाने फारच लहान असते. ते वाढवले, की पोर्टला हात न लावताच बराच फरक जाणवतो, आणि निम्म्या ग्राहकांचे काम तिथेच भागते. मात्र ठिणगी अडवणारी जाळी काढून फेकू नये. फेब्रुवारीनंतर आमच्या डोंगरावर गवत वाळलेले असते आणि वणव्याला एक ठिणगी पुरते. भोक वाढवल्यावर मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, म्हणून कार्बोरेटरचा एच स्क्रू (पूर्ण वेगावरचे पेट्रोल ठरवणारा) थोडा उघडणे आवश्यक असते. ते विसरल्यामुळे जळालेले पिस्टन मी पुष्कळ पाहिले आहेत.

दुसरी पायरी स्क्विशची, म्हणजे टीडीसीला पिस्टनचा माथा आणि सिलिंडरचे छत यांच्यात उरणाऱ्या फटीची. प्लगच्या भोकातून सोल्डरची तार आत सारून क्रँक फिरवली, की ती चेपते. तिची जाडी व्हर्निअरने मोजावी. तार पिस्टन-पिनच्या रेषेतच ठेवावी, नाहीतर पिस्टन डुलतो आणि माप खोटे येते. ही फट एक मिलिमीटरच्या आसपास सापडली आणि खालचे गॅस्केट अर्ध्या मिलिमीटरचे असेल, तर गॅस्केट काढून सीलंटवर ब्लॉक बसवता येतो आणि कॉम्प्रेशन वाढते. मी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी फट कधीच ठेवत नाही. मात्र ब्लॉक खाली आला की सगळे पोर्ट खाली येतात. एक्झॉस्ट व ट्रान्सफर उशिरा उघडतात, तर इनलेट अधिक काळ उघडा राहतो. शिवाय टीडीसीला पिस्टनचा खालचा घेर एक्झॉस्टच्या खालच्या कडेला अजून झाकतो की नाही, हे तपासावेच लागते. न झाकल्यास क्रँककेस थेट सायलेन्सरमध्ये उघडतो.

यानंतरच ग्राइंडर. माझा दुसरा ब्लॉक रुंदीच्या हव्यासाने गेला. 45 मिमी बोअरला (सिलिंडरच्या आतल्या व्यासाला) मी एक्झॉस्ट पोर्ट जवळपास 33 मिमी रुंद केला, म्हणजे बोअरच्या सत्तर टक्क्यांहून जास्त. दुसऱ्याच दिवशी रिंग फुगून पोर्टच्या कडेत अडकली, तुटली आणि पिस्टनसकट ब्लॉक घेऊन गेली. ग्राहकाला नवा ब्लॉक मी पदरच्या पैशाने घालून दिला. आता मी बोअरच्या साठ ते पासष्ट टक्क्यांपुढे जात नाही, वरची कड कमानीसारखी ठेवतो आणि प्रत्येक काठ बारीक हिऱ्याच्या बरने (ग्राइंडरच्या घासणाऱ्या टोकाने) मोडून गुळगुळीत करतो. इनलेट रुंद करताना रिंगच्या टोकांची पिन कुठून जाते हे आधी पाहावे, कारण रिंगचे टोक पोर्टमध्ये डोकावले तर निकाल तोच लागतो.

चेनसॉचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा असतो आणि आतून त्यावर निकासिलचा (निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा) किंवा क्रोमचा पातळ थर असतो. आरएक्सच्या बिडाच्या स्लीव्हसारखा तो लेथवर मोठा करून पुढच्या मापाचा पिस्टन टाकता येत नाही. म्हणून बर अशा दिशेने फिरवावा की तो थराला ॲल्युमिनियमवर दाबेल. उलट दिशेने फिरला तर कडेचे कपचे निघतात आणि तिथून पुढे थर सोलत जातो. तिसरा ब्लॉक मी असाच गमावला.

ट्रान्सफर पोर्टला नवशिक्याने हात लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांच्या तोंडाचा कोन बिघडला तर ताजे मिश्रण सिलिंडरच्या मागच्या भिंतीकडे वळण्याऐवजी सरळ एक्झॉस्टकडे धावते. सध्या मी एक्झॉस्टची वरची कड एक-दोन अंशांहून जास्त हलवत नाही. बहुतेक फायदा मला इनलेट थोडा खाली नेण्यातून, कॉम्प्रेशनमधून आणि सायलेन्सरमधून मिळतो.

बांधणी झाल्यावर जुळणी. अलीकडे पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. हाताने जुळवायच्या कार्बोरेटरच्या चेनसॉंना उत्पादक सहसा दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे सांगतात, कारण त्याहून अधिक असले की त्याच स्क्रूवर मिश्रण पातळ पडते. पोर्टिंग केलेल्या इंजिनात आधीच उष्णता जास्त, त्यामुळे मी एच स्क्रू आणखी थोडा उघडतो आणि टॅकोमीटर (फेरे मोजणारे यंत्र) लावून पाहतो. लाकडाबाहेर पूर्ण थ्रॉटलवर इंजिन किंचित अडखळत, फोर-स्ट्रोकसारखे बोलले पाहिजे, आणि लाकडात शिरताच ते बोल साफ झाले पाहिजेत. हा आवाज लिहून शिकवता येत नाही. दहा यंत्रांजवळ उभे राहूनच तो कानात बसतो. कानांना मफ मात्र लावावेत. मी पहिली दोन वर्षे लावले नाहीत आणि आता उजव्या कानाला बारीक आवाज ऐकू येत नाहीत.

फायदा झाला की नाही, हे ठरवण्यासाठी मी एकाच ओंडक्यावर, एकाच माणसाच्या हाताने, नुकतीच कानस मारलेल्या एकाच चेनने पोर्टिंगच्या आधी आणि नंतर तीन-तीन छेद घेऊन घड्याळ लावतो. बऱ्याच ग्राहकांना पहिल्या तीन छेदांतच कळते की आपली जुनी चेन बोथट होती. त्यांना मी पोर्टिंगऐवजी कानस विकतो. पोर्टिंगचे काम मी फक्त रोज लाकूड तोडणाऱ्यांचे घेतो, आणि महिन्यातून दोन वेळा सरपण करणाऱ्यांना सायलेन्सरवरच परत पाठवतो. त्यामुळे कमाई कमी होते, पण चेन्नईहून भाग मागवण्याचे फोनही कमी होतात.

यंत्र देताना मी ग्राहकाला तीन टाक्या संपल्यावर परत यायला सांगतो. तेव्हा सायलेन्सर काढून एक्झॉस्टमधून बॅटरीच्या उजेडात पिस्टन पाहतो. माथ्यावर तपकिरी ओलसर रंग आणि घेरावर एकही उभी रेघ नसेल, तर एच स्क्रूला मी पुन्हा हात लावत नाही.